देण्याचे माप

गायकाने गावे, राजकारणावर बोलू नये, असे आपल्याकडे पुष्कळदा म्हटले जाते. म्हणणारा बहुधा दुखावलेला असतो. ज्याला गायकाचे बोलणे पटलेले असते तो असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, कलावंत असून किती निर्भयपणे बोलला! माणूस तोच, मत तसेच उघड मांडलेले, आणि निवाडे मात्र दोन. या दोन निवाड्यांमधले अंतर मोजून पाहावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. प्रश्न दूरचा वाटेल. मोठे गायक, मोठी शहरे, त्यांची भांडणे. आपल्याला काय त्याचे? पण हा प्रश्न आमच्या वर्गात आला, आमच्यासमोर बाकावर बसला, आणि आम्ही त्याला चुकीचे उत्तर दिले. म्हणून लिहिणे भाग आहे.

आम्ही फोंडाघाटला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करीत येणारी गाडी घाट उतरली की पहिले मोठे गाव आमचे. पुढे कणकवली, आणि देवगडचा समुद्र. बी.एड. करून नोकरीला लागलो त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. २०१७ च्या डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी आमच्याकडे होती. सातवीतल्या एका मुलाचा आवाज फार चांगला होता. त्याने गाणे निवडले होते 'बॉर्डर' चित्रपटातले, सैनिकांना घरून येणाऱ्या पत्रांचे. महिनाभर त्याने सराव केला. संमेलनाला चार दिवस उरले असताना एक पालक आले. ते शाळेच्या कारभारात लक्ष घालणारे, भले गृहस्थ. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, ज्याने अज़ानला नावे ठेवली त्या माणसाचे गाणे आपल्या शाळेच्या स्टेजवर नको.

आम्ही वाद घातला नाही. मुलाला बोलावून सांगितले, हे गाणे राहू दे, एखादा तराना बसवू. त्याने विचारले, "सर, गाना ख़राब है क्या?" आम्ही म्हटले, नाही. त्याने विचारले, "तो फिर मैं ख़राब गाता हूँ?" आम्ही म्हटले, नाही रे बाबा. मग तो काही बोलला नाही. संमेलनात त्याने तराना गायला नाही. दुसऱ्या मुलांनी गायला. तो मागे खुर्च्या लावत होता.

त्या पालकांच्या मनात जो राग होता तो कुठून आला, हे आधी पाहिले पाहिजे. १७ एप्रिल २०१७ रोजी पहाटे गायक सोनू निगम यांनी ट्विटरवर लिहिले की, आपण मुसलमान नसताना आपल्याला अज़ानच्या आवाजाने उठावे लागते, ही धर्माची सक्ती कधी संपणार? त्याच ओघात पैगंबरसाहेबांच्या काळी वीज नव्हती, हेही त्यांनी लिहिले, आणि अशा सक्तीला गुंडगिरी म्हटले. मंदिरे आणि गुरुद्वारे यांच्या कर्ण्यांनाही आपला आक्षेप आहे, असेही त्यांनी त्याच वेळी सांगितले होते. पण तोवर देशभर गदारोळ उठला होता. पश्चिम बंगालमधील एका मौलवींनी जाहीर केले की, जो कोणी या गायकाचे मुंडण करील, गळ्यात जुन्या जोड्यांची माळ घालील आणि त्याला देशभर फिरवील, त्याला १० लाख रुपये देऊ. १९ एप्रिलला सोनू निगम यांनी पत्रकारांना बोलावून आपले डोके भादरून घेतले. ते भादरणारे केशकलाकार आलिम हकीम, म्हणजे मुसलमानच. मौलवींनी मग सांगितले की माळ आणि फेरी या अटी राहिल्या, सबब पैसे नाहीत. सारा देश दोन दिवस हा तमाशा पाहत होता, आणि मूळ मुद्दा कुठल्या कुठे गेला.

मूळ मुद्दा तरी काय होता? त्यात दोन गोष्टी गुंतल्या होत्या. एक तक्रार आणि एक डिवचणे. तक्रार भोंग्याची होती, आणि ती निराधार नव्हती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर भोंगा वाजवायला ते मनाई करतात. फज्रची अज़ान बहुतेक दिवस सहाच्या आतच होते. सोनू निगम बोलले त्याच्या आठच महिने आधी, ऑगस्ट २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला होता की भोंगा हा कुठल्याही धर्माचा अविभाज्य भाग नाही आणि तो वाजवण्याचा मूलभूत हक्कही नाही. हा निकाल देणारे दोन न्यायमूर्ती म्हणजे अभय ओक आणि अमजद सय्यद. तो निकाल सगळ्याच धर्मांच्या मंडपांना आणि भोंग्यांना लागू होता. आपल्यातल्या जाणत्यांनाही यात नवे काही नाही. हजरत बिलाल यांनी अज़ान दिली ती स्वतःच्या गळ्याने. आवाज नरम ठेवण्याची शिकवण सूरह लुकमानमध्ये आहे. लाउडस्पीकर नवा आला तेव्हा नमाज़साठी तो वापरावा की नाही यावर आपल्याच उलेमांमध्ये बराच काळ खल झाला होता. जी वस्तू कालपरवा वादाची होती ती आज ईमानाची निशाणी होऊन बसली, हे आपणही कबूल केले पाहिजे.

डिवचणे मात्र वेगळे. पहाटे नमाज़ला बोलावणाऱ्या हाकेला गुंडगिरी म्हणणे हे लागणारे बोलणे होते. ते आम्हालाही लागले. लागले नाही असे दाखवण्यात मोठेपणा नाही.

आमच्या शेजारच्या एका वस्तीतली गोष्ट. तिथे एक हिंदू आजी आजारी होत्या. मशिदीच्या भोंग्याचे तोंड थेट त्यांच्या खिडकीकडे होते. त्यांच्या सुनेने कुंपणाशी उभे राहून आमच्यातल्या एका बाईला सांगितले, "वयनी, सासूबाईंना रात्री झोप लागत नाही, सकाळी जरा डोळा लागतो, तेवढे बघाल का?" त्या दिवशी संध्याकाळी एक पोरगा शिडी लावून चढला आणि त्याने भोंगा ओढ्याकडे फिरवला. कुणी निवेदन दिले नाही, कुणी ठराव केला नाही. तक्रार तीच होती. पण ती शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितली होती. हीच तक्रार साऱ्या देशाला ऐकवली गेली की तिला उत्तर देणाराही साऱ्या देशाला ऐकवतो, आणि शिडी लावायला कोणी मोकळा राहत नाही. गायकाची चूक असेल तर ती इथे होती असे आम्हाला वाटते. त्याच्यापाशी लाखो कानांपर्यंत जाणारा आवाज आहे. तोही एक भोंगाच. त्याचे तोंड कुणाच्या खिडकीकडे आहे, हे त्यानेही पाहायला हवे होते. आवाज मोठा झाला म्हणजे म्हणणे मोठे होत नाही. म्हणण्याची जबाबदारी तेवढी मोठी होते.

मग गायकाने बोलूच नये का? असे म्हणण्याची सोय आपल्याला, निदान मराठी मुसलमानांना, नाही. कारण ज्यांच्या नावाने आपली मान ताठ होते ते शाहीर अमर शेख कोण होते? बार्शीचे महबूब हुसेन पटेल. जन्म १९१६ चा. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत लालबावटा कलापथकातून त्यांनी गिरणगाव जागवला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा डफ कडाडला तेव्हा मैदाने भरत होती. ते मराठीतून गायले, आणि जे गायले ते सगळे राजकारणच होते. सत्तेला ते रुचत नव्हते. त्या वेळच्या मुंबई सरकारने अण्णाभाऊंच्या तमाशावर बंदीही घातली होती. १९६९ साली अमर शेख गेले. आज आपल्या संमेलनांतून, विशेषांकांतून आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. "गायकाने फक्त गावे" हा नियम तेव्हा लावला असता तर अमर शेख उरले असते का? महबूब पटेल नावाचा एक बुलंद गळ्याचा कामगार तेवढा उरला असता.

आणि न बोलणेही कधी कधी बोलणेच ठरते. आणीबाणीत सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला साथ द्यायला किशोरकुमार यांनी नकार दिला. मे १९७६ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद झाली. आणीबाणी उठेपर्यंत ती बंदच होती. त्या माणसाने भाषण केले नव्हते, घोषणा दिली नव्हती. नुसते नाही म्हटले होते. शिक्षा गायकाला झाली, आणि रेडिओला कान लावून बसणाऱ्या लोकांनाही झाली. त्यांनी तर काहीच केले नव्हते.

हे मागचे झाले. अलीकडचे पाहू. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईत गुलाम अली यांची मैफल होती, जगजितसिंग यांच्या स्मरणार्थ. शिवसेनेच्या विरोधामुळे ती रद्द झाली. तेव्हा आपण काय म्हणालो? गझलेला सरहद्द नसते. त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर २०१५ मध्ये, ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध फतवा निघाला. इराणी दिग्दर्शक माजिद मजीदी यांच्या पैगंबरसाहेबांवरील चित्रपटाला त्यांनी संगीत दिले, हा त्यांचा गुन्हा. फतवा मुंबईतल्या रझा अकादमीच्या पुढाकाराने निघाला होता. रहमान यांनी शांतपणे पत्र लिहिले: आपण आलिम नाही, चित्रपट आपण काढलेला नाही, संगीत तेवढे दिले, आणि ते नेक नियतीने दिले. त्याच दिवसांत विश्व हिंदू परिषदेने त्यांना घरवापसीचे आवतण दिले. एका बाजूने ईमान नव्याने आणायला सांगितले जाते, दुसऱ्या बाजूने ते सोडून यायला सांगितले जाते. मध्ये हार्मोनियम घेऊन एक माणूस उभा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकऱ्यांच्या आंदोलनाविषयी परदेशी गायिका रिहाना हिने दोन शब्द लिहिले. लगेच आपल्याकडच्या अनेक नामवंतांनी देशाच्या एकजुटीची ट्वीट केली. त्यांत लता मंगेशकर होत्या, सचिन तेंडुलकर होते. एका पक्षाने रिहानाला सुनावले की तुझा काय संबंध. दुसऱ्या पक्षाने लतादीदींना सुनावले. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी तर या ट्वीटमागे दबाव होता का, याची चौकशी करण्याची भाषा केली. म्हणजे खुर्चीवर कोण आहे याने फरक पडतो तो एवढाच की चौकशी कुणाची.

आणि २०२६ च्या जानेवारीत पुन्हा रहमान. बीबीसीच्या एशियन नेटवर्कला दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले की गेल्या आठ वर्षांत हिंदी चित्रसृष्टीतले आपले काम कमी झाले आहे. निर्णयाची सत्ता कलेशी संबंध नसलेल्यांच्या हाती गेली असावी, कदाचित त्यात धार्मिक भेदाचाही भाग असेल, पण तोंडावर तसे कोणी बोललेले नाही. ज्या 'छावा' चित्रपटाला त्यांनी स्वतः संगीत दिले त्यातल्या फूट पाडणाऱ्या भागाबद्दलही ते बोलले. झाले! ज्याने देशाला दोन ऑस्कर मिळवून दिली त्याला देशप्रेमाचे प्रमाणपत्र मागितले गेले. शेवटी त्यांनी चित्रफीत काढून सांगितले की भारत हीच आपली प्रेरणा, हाच गुरू आणि हेच घर.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्या दिवसांत तावातावाने बोललो. कलावंताला मत असू नये का? तो चुकला असेल तर सांगा, पण त्याच्या गाण्याशी, त्याच्या रोजीरोटीशी, त्याच्या ईमानदारीशी तुमचे काय वैर? आम्ही फार चांगले बोललो. बोलून झाल्यावर आम्हाला तो मुलगा आठवला, मागे खुर्च्या लावणारा.

सूरह मुतफ्फिफीन आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केलेली असते. लोकांकडून घेताना माप भरभरून घेणारे आणि लोकांना देताना माप मारणारे, यांच्याविषयी ती आहे. आपण ती बाजारातल्या वाण्यापुरती समजतो. पण माप फक्त तांदळाचे नसते. इन्साफाचेही माप असते. रहमान यांच्यासाठी आम्ही स्वातंत्र्य भरून मागितले. सोनू निगम यांच्या वेळी, एका बारा वर्षांच्या मुलालाही, आम्ही ते हातचे राखून दिले. आणि गंमत अशी की हे दोघे एकाच उस्तादाचे शागीर्द: उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ, रामपूर-सहसवान घराण्याचे, २०२१ साली अल्लाला प्यारे झालेले. ज्या गाण्यावर आम्ही काट मारली त्याचे शब्द जावेद अख्तर यांचे होते. एका माणसाच्या बोलण्याची शिक्षा आम्ही कुणाकुणाला दिली याची यादी केली तर ती लांबत जाते.

इथे एक खुलासा करायला हवा. संगीतच जायज नाही असे मानणारे लोक आपल्यात आहेत. त्यांच्या मताशी आमचे जुळो न जुळो, त्यांचा तराजू एक आहे. ते कुणाचेच गाणे ऐकत नाहीत. आमचे त्यांच्याशी भांडण नाही. पण ज्या पालकांनी आक्षेप घेतला होता त्यांच्या टेम्पोत त्याच गायकाची गाणी वाजत होती, आणि आम्ही स्वतः त्या टेम्पोत बसून कणकवलीला गेलो होतो. घरात ऐकायचे, स्टेजवर नाकारायचे; हा धर्म नव्हे, हा दिखावा झाला.

आता यावर जो खरा आक्षेप आहे तो टाळता येणार नाही. आमचे एक सहकारी म्हणाले, "तुम्ही दोघांना एका तराजूत घालता, पण तराजूची दांडी सरळ आहे का? सोनू निगमना कुणी देशप्रेम विचारले का? त्यांनी भोंग्याची गोष्ट काढली. पाच वर्षांनी तीच गोष्ट राजकीय इशारा होऊन आली." हे खरे आहे. २ एप्रिल २०२२ रोजी शिवाजी पार्कच्या सभेत मशिदींवरचे भोंगे उतरवण्याची मागणी झाली, ३ मे ही मुदत ठरली, भोंग्यांसमोर हनुमान चालिसा लावण्याची घोषणा झाली. राज्यातल्या कित्येक मशिदींनी त्या दिवसांत फज्रची अज़ान भोंग्याविना दिली. जे कुंपणाशी बोलून झाले असते ते पोलिसांच्या नोटिसांनी झाले. गायकाचा शब्द त्याच्या हातून सुटला की तो कुणाच्या हाती लागेल हे सांगता येत नाही, आणि जो समाज आधीच दबलेला आहे त्याला तो जास्त लागतो. दोन शब्दांचे वजन सारखे असले तरी दोन पाठींना ते सारखे लागत नाही.

हा आक्षेप आम्ही मान्य करतो. पण त्यातून माप मारण्याचा परवाना निघतो, हे मान्य करीत नाही. उलट आम्हाला वाटते, दांडी वाकडी असेल तर आपले वजन जास्तच काळजीने खरे ठेवावे लागते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला तत्त्वाची गरज नसते. तो जोरावर आपले म्हणणे चालवतो. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याच्यापाशी तत्त्वाखेरीज दुसरे काय आहे? "कलावंताला बोलू द्या" हे वाक्य उद्या आपल्याला पुन्हा लागणार आहे. ते आपणच खोटे पाडून ठेवले तर कोणत्या तोंडाने उच्चारणार? एखाद्या समूहाविषयीच्या रागाने न्यायापासून ढळू नका, अशी ताकीद सूरह माइदामध्ये आहे. ती रागावलेल्यांनाच उद्देशून आहे. ज्याला राग आलाच नाही त्याला ताकीद कशाला हवी?

मग दुखावलेल्याने करावे काय? आम्ही आमच्यापुरते तीन गोष्टींत अंतर केले आहे. पहिली, उत्तर देणे. हा हक्क आहे, आणि कित्येकदा कर्तव्यही. बोलणे खोटे असेल तर खोटे म्हणावे, लागले असेल तर लागले म्हणावे, त्यात खरे काही असेल तर तेही कबूल करावे. दुसरी, आपण ऐकणे सोडणे. एखाद्याचा आवाज ऐकताना त्याचे शब्द आठवून मन कडू होत असेल तर रेडिओ बंद करावा. ही आपल्या मनाची बाब आहे, तिचा जाब कुणी विचारू नये. तिसरी, दुसऱ्याला ऐकू न देणे, गाऊ न देणे, मुंडणाला बक्षीस लावणे, मैफल उधळणे, पोटावर मारणे. हा हक्क कुणालाच नाही. ना मौलवीला, ना सैनिकाला, ना मंत्र्याला, ना स्नेहसंमेलनाची तयारी करणाऱ्या मास्तरला. आम्ही तिसरी गोष्ट केली आणि तिला दुसरीचे नाव दिले.

माप मारण्याचा आणखी एक प्रकार आहे, तोही सांगितला पाहिजे. २०२५ च्या एप्रिलअखेर बंगळूरच्या एका कार्यक्रमात कन्नड गाण्याची मागणी एका तरुणाने दमदाटीने केली, म्हणून सोनू निगम यांनी थेट पहलगामच्या हल्ल्याचा दाखला दिला. अशाच वृत्तीतून तसे घडते, असा त्यांचा रोख होता. कन्नड संघटना खवळल्या, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, कन्नड चित्रसृष्टीने असहकार जाहीर केला, आणि त्यांना माफी मागावी लागली. तेव्हा आमच्या ओळखीचे काही जण मोबाइलवर बातमी पाठवून हसत होते: बरी जिरली. पहलगामला २६ माणसे मारली गेली होती. त्यांचे दुःख अशा तंट्यात ओढणे गैरच होते, आणि ते तसे सांगायलाही हवे होते. पण आमचे हसणे पहलगामसाठी नव्हते, कन्नडसाठीही नव्हते. जुना हिशेब दुसऱ्याच्या हातून चुकता झाला याचा तो आनंद होता. असा आनंद ज्याला होतो त्याने स्वतःचा तराजू तपासून घ्यावा. आम्ही घेतला.

आमच्या मुलखात डबलबारी भजन असते. दोन बुवा समोरासमोर, दोघांची मंडळे, पखवाज, झांजा. रात्र चढत जाते तसे बुवा एकमेकांना कोपरखळ्या मारतात, अवघड प्रश्न टाकतात, कधी नावानिशी टोमणे हाणतात. ऐकणारे हसतात, चिडतात, बाजू घेतात. आम्हीही लहानपणी मंडपाच्या कडेला बसून ऐकले आहे. कुणी आम्हाला उठवले नाही. पण एक नियम कुणी मोडत नाही. एका बुवाची बारी झाली की दुसऱ्याची येते, आणि टोमण्याला उत्तर गाण्यातूनच द्यावे लागते. समोरच्याचा पखवाज फोडणारा बुवा जिंकला असे कोणी म्हणत नाही. त्याला उत्तर सुचले नाही, असेच लोक म्हणतात. एवढा विवेक आमच्या गावातल्या श्रोत्याला आहे. देशाला तो अवघड का जावा?

त्या मौलवींपाशी उत्तर नव्हते का? होते. ते म्हणू शकले असते, भोंग्याचे तुम्ही खरे बोलता, आम्ही आमच्या घरात त्यावर बोलतो. पण हाकेला गुंडगिरी म्हणालात ते आम्हाला लागले. एवढे म्हटले असते तर रफ़ीसाहेबांची गाणी गात मोठा झालेला, मुसलमान उस्तादापुढे बसून शिकलेला तो माणूस काय बोलला असता कोण जाणे. कदाचित दोन शब्द मागे घेतले असते. १० लाखांच्या बोलीने ती वाट बंद केली. आमच्या शाळेतही उत्तर होते. आम्ही त्या पालकांना म्हणू शकलो असतो, मुलाला गाऊ द्या, आणि गाणे झाल्यावर आपण दोघे मिळून मुलांना सांगू की गाणाऱ्याचे बोलणे आपल्याला का लागले. मुलांना त्या दिवशी दोन गोष्टी शिकता आल्या असत्या. त्यांना एकच शिकायला मिळाली: मोठी माणसे घाबरली की लहानांना गप्प करतात.

तो मुलगा आता वीस वर्षांचा आहे. गोव्यात काम करतो. २०२६ च्या फेब्रुवारीत घरी आला होता, तेव्हा फोंडाघाटच्या बाजारात भेटला. सलाम केला, चहा पाजण्याचा आग्रह धरला. आम्ही त्याला ती गोष्ट काढून सांगितले की आमचे चुकले होते. मास्तरने विद्यार्थ्याला असे सांगणे सोपे नसते. दोनदा घसा खाकरावा लागला. त्याला आधी आठवेना, किंवा त्याने तसे दाखवले. मग हसला. आम्ही म्हटले, यंदाच्या संमेलनाला ये, जुना विद्यार्थी म्हणून ते गाणे गा, कोण अडवतो ते आम्ही बघतो.

तो म्हणाला, "सर, अब वो आवाज़ कहाँ? टूट गई." मुलांचा गळा फुटतो त्या वयात त्याचाही फुटला होता. आता तो गात नाही. चहाचे पैसे त्याने दिले, आम्हाला देऊ दिले नाहीत.